त्रेचाळीस अंगठे

कापड पूर्ण उलगडायचं तर शाळेच्या दोन वर्गांमधली लाकडी भिंत सरकवावी लागे. अकरा मीटर लांब, सहा मीटर रुंद. त्यावर कोतो लान्सेक हे अख्खं गाव टाक्याटाक्यानं भरलेलं होतं. नदी, नदीवरचा झुलता पूल, शिंगांसारख्या वर गेलेल्या छपरांची घरं, नमाजाची सुराऊ, दुरियानची झाडं, आणि कुणाच्या तरी चार म्हशी. खरं गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. माणसांना डोंगरावर आणून एकसारख्या घरांच्या रांगांत बसवलं होतं आणि रांगांना अ, ब, क अशी नावं दिली होती. सरकारी कागदांत त्या वस्तीला नवं लान्सेक म्हणत. लोक नुसतं 'वर' म्हणत.

कापडाची कल्पना देस्मानियारची. गावात ती नियार. पादांगच्या विद्यापीठात ती शिकवायची. माणसाची आठवण त्याच्या जागेला कशी बांधलेली असते आणि जागा गेली की माणूस स्वतःला काय म्हणवून घेतो, हा तिचा अभ्यासाचा विषय. वरच्या शाळेतल्या मुलांना तिनं प्रश्न विचारायला शिकवलं होतं. 'आजी, गाव कसं होतं?' असं विचारायचं नाही, ती बजावायची. तसं विचारलं की म्हातारी माणसं 'छान होतं' म्हणून गप्प बसतात. 'चुलीपाशी बसलं की दारातून काय दिसायचं?' असं विचारायचं. मग आजी बोलायला लागे, मूल लिहून घेई, आणि जे दिसायचं ते आजी आपल्या हातानं कापडावर भरी. चार वर्षं हे चाललं होतं. नियार दर पंधरा दिवसांनी पाच तासांची बस करून येई. कापडावर तिचं पुस्तक निघालं होतं, परदेशातली माणसं येऊन फोटो काढून गेली होती.

आता रविवारी शाळेत त्याचं प्रदर्शन उघडणार होतं. जिल्ह्याचे प्रमुख, बुपाती, स्वतः फीत कापायला येणार होते. संस्कृती खात्यातल्या अधिकाऱ्यानं, सगळे ज्याला मानानं पाक म्हणत त्या हेर्वाननं, सुचवलं की नुसतं कापड नको, जोडीला एखादा जुना कागदही लावू. नियारनं जिल्ह्याच्या दफ्तरात आठवडाभर धूळ उपसली आणि तिला कागद सापडला. कुळाची जमीन धरणाला देण्याच्या संमतीची यादी. आमच्याकडे जमीन बायकांची, त्यामुळे कुळाच्या दातुकची, म्हणजे प्रमुखाची, एकट्याची सही पुरत नाही. खाली त्रेचाळीस बायकांची नावं आणि नावांसमोर त्रेचाळीस अंगठे होते. दातुकची सही नियारच्या मामांची होती. नियारला सापडल्याचाच एवढा आनंद झाला की तिनं तो कागद नीट न बघताच छापखान्यात दिला.

गुरुवारी दुपारी ट्रकमधून त्या कागदाचा मोठा केलेला फलक आला. माणसाएवढा उंच. शेवटचे टाके घालत बसलेल्या बायका सुया कापडात अडकवून उठल्या आणि फलकापुढे गोळा झाल्या.

"ही मी! जास्मी, आताची रांग ब, आठ," जास्मीबाई म्हणाली. "त्या वेळी तर रांगसुद्धा नव्हती गं."

"हा माझ्या आईचा अंगठा," दुसरी म्हणाली आणि तिनं त्या वाटीएवढ्या जांभळ्या ठशावर हात फिरवला.

एतेक सावी मागून आली. नियारच्या आईची ही चुलत बहीण, म्हणून एतेक, मावशी; बहात्तर वर्षांची. तिचा बाप सुराऊत मुलांना शिकवायचा. तिनं चष्मा लावला, आपलं नाव शोधलं आणि म्हणाली, "हा कुणाचा?"

"तुझाच की, एतेक," नियार म्हणाली.

"मी अंगठा कशाला देईन? मला सही येते. अरबी अक्षरात करते, पण येते. बापानं शिकवलंय, तेव्हा तुझी आईसुद्धा लंगडी खेळत होती."

बायका हसल्या. सावी हसली नाही. तिनं नाक फलकाला टेकेल इतकं जवळ नेलं, मग एक ओळ खाली, मग दोन ओळी वर. भरतकाम करणाऱ्या बाईच्या डोळ्याला नक्षी कळते. एकच बुट्टी दोनदा आली की ती लगेच ओळखते. "जास्मी, इकडे ये. ही तिरकी रेघ बघ. तुझ्या अंगठ्यात आहे. माझ्या अंगठ्यात आहे. हिच्या आईच्या अंगठ्यातही आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे एकाच हाताचे. आणि हात लहान आहे. ही मधली नक्षी बघ केवढीशी. पोराचा अंगठा आहे हा."

नियारनं उजवा अंगठा मुठीत मिटला. सहा वर्षांची असताना नारळाच्या खवणीवर तिचा अंगठा कापला होता. तिरकी, पांढरी रेघ अजून होती. आणि नऊ वर्षांची असताना ती आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसली होती. जिल्ह्याच्या कचेरीत गेली होती, संत्र्याचं गार सरबत प्यायली होती, आणि घरी येताना तिचा अंगठा जांभळा होता. ही तिची लाडकी आठवण. वर्गात ती दरवर्षी सांगायची. पुस्तकाच्या पहिल्या पानावरही ती लिहिली होती: शहराची माझी पहिली आठवण म्हणजे एक जांभळा अंगठा, कागद कसला होता ते मला आठवत नाही.

"छापखान्यात काहीतरी गडबड झाली असेल," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मी बघते."

"बघ हो," सावी म्हणाली. "तू शिकलेली."

मामा घरात खिडकीपाशी बसलेले होते. रांग क, अकरा नंबर. हे घर आधी नियारच्या आईचं, आता नियारचं. मामी गेल्यावर मामा बहिणीच्या घरी परत आले, आणि पाय गेल्यापासून खिडकीपासून हलले नव्हते. त्यांचं सगळं करायला एक बाई होती. नियार आली की भरवण्याचं काम नियारचं.

तिनं ताट आणलं नाही. समोर बसली आणि विचारलं, "मामा, कचेरीत माझा अंगठा कशावर उमटवला होता?"

मामा रस्त्याकडे बघत राहिले. "ट्रक आला होता ना शाळेत?"

"यादी आली. मोठी करून."

"केवढी?"

"माणसाएवढी."

"मग दिसलं असेल," मामा म्हणाले. मग ते बोलायला लागले, जणू कुणी विचारण्याचीच वाट बघत होते. "तीन दिवस बसवून ठेवलं होतं मला. मारलं नाही. कुणी मारलं म्हणेल तर खोटं. कॉफी द्यायचे, तळलेली केळी द्यायचे. फक्त माझे जोडे आणि डोक्याचं बांधणं कुठंतरी नेऊन ठेवलं होतं. सापडत नाही म्हणायचे. दातुक माणूस उघड्या डोक्यानं, अनवाणी, भर बाजारातून चालत घरी येईल का? दार उघडंच होतं, नियार. कुलूपबिलूप काही नव्हतं."

"आणि मी?"

"तिसऱ्या दिवशी तुला जीपमधून आणलं. कारकून म्हणाला, मामाला करमत नसेल म्हणून भाचीला आणलं. जागा पुष्कळ आहे, राहू दे तिलाही. तू जिना चढून आलीस, हसत. मी सही केली. मग त्यानं बायकांची यादी काढली. मी म्हणालो, जमीन बायकांची आहे, गावात जा, बायकांना विचारा. तो म्हणाला, बाईमाणूस आणलंय की."

नियारला सरबताच्या बाटलीचा गारवा आठवला. कुणीतरी 'बाहुली, सरळ धर' म्हणालं होतं तेही आठवलं. मग तिनं जे विचारलं ते विचारायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. "माझा हात कुणी धरला होता?"

"काय?"

"अंगठा दाबताना. तुम्ही की त्यानं?"

मामांनी मान खाली घातली. "आधी त्यानं. तो फार जोरात दाबत होता, तू रडायला लागलीस. मग मी धरला."

"किती जणींपर्यंत त्यानं आणि किती तुम्ही?"

"ते कशाला विचारतेस?"

"आईला माहीत होतं?"

"तुझ्या आईचाही अंगठा त्यात आहे. म्हणजे तुझाच. तू जांभळा हात घेऊन घरी गेलीस, तिनं तो राखेनं घासून काढला. मला काही विचारलं नाही. मरेपर्यंत जेवायला वाढत राहिली, पण माझ्यासमोर बसून जेवली नाही कधी." मामांनी खिडकीची कड घट्ट धरली होती. "आता त्या म्हाताऱ्यांना जाऊन सांगणार आहेस का?"

"माहीत नाही."

"मी इथंच आहे. मी कुठं पळणार?"

शुक्रवारी सकाळी नियारनं पाक हेर्वानला फोन केला. फलकात चूक आहे, काढून टाकायचा आहे, असं सांगितलं.

"अहो इबू डॉक्टर, काढून कसं चालेल!" तो म्हणाला. शिकलेल्या बाईला अदबीनं इबू म्हणतात. "तीच तर शोभा आहे. बुपाती साहेबांनी फोटो पाहिलाय. धरणाचा दुसरा टप्पा येतोय, नदीच्या वरच्या अंगाच्या दोन गावांची माणसंही बोलावली आहेत. त्यांना दाखवायचं आहे ना, की लान्सेकच्या आयाबहिणींनी कशी हसत हसत जमीन दिली. तुमच्या कामाचं आम्हाला फार कौतुक आहे हो. आमची भाषणं कुणी ऐकत नाही, तुमचं कापड बघून माणसं रडतात."

तिनं फोन ठेवला. चार वर्षांचं काम कुणाच्या उपयोगाला आलं ते तिला त्या एका वाक्यात कळलं. दुपारी ती पिशवी घेऊन बसथांब्यावर गेली. पादांगची बस आली, थांबली, वाहकानं दार उघडून धरलं. "चढताय ना, बाई?" नियार नुसती बघत राहिली. तिकडे पादांगला जाऊन ती काय करणार होती? सोमवारी पहिल्याच तासाला तिला त्या जांभळ्या अंगठ्याची गोष्ट सांगायची होती. तिच्या नेमणुकीच्या पत्रापासून तिच्या पुस्तकापर्यंत सगळं त्याच अंगठ्यावर उभं होतं. बस निघून गेली. ती चालत घरी आली आणि मामांना भात भरवला.

शनिवारी बायका शेवटच्या कामाला जमल्या तेव्हा तिनं सांगितलं. फार मोठं केलं नाही. जीप, सरबत, कारकून, मामा. मग उजवा हात पुढे केला. "हा अंगठा माझा."

सावीनं चष्मा लावला, नियारचा अंगठा आपल्या हातात घेतला आणि फलकापाशी ओढत नेला, जसं दुकानात दोऱ्याचा रंग कापडाला लावून बघतात. "तोच," ती म्हणाली आणि हात सोडून दिला.

"पुरावा आपल्या पायांनी चालत आला म्हणायचा," जास्मी म्हणाली. तिच्या हसण्याचा आवाज वाईट होता.

"चार वर्षं आम्हाला विचारतेस," सावी म्हणाली, "दारातून काय दिसायचं, चुलीतून काय दिसायचं. तुला काय दिसलं होतं ते बोलली नाहीस."

"मला माहीत नव्हतं, एतेक."

"माहीत नव्हतं, का विचारलं नव्हतंस?"

नियार म्हणाली, "विचारलं नव्हतं."

"हां. असं सरळ बोल."

जास्मी कापडावर गुडघे टेकून बसली होती. तिनं कात्री घेतली आणि आपलं घर कापायला लागली. लाल छप्पर, दारातलं जांभाचं झाड, पायऱ्यांवर बसलेली काळी कोंबडी. दोन वर्षं भरलं होतं तिनं ते. कुणी अडवलं नाही. चौकोन सुटून आला तशी त्या जागी फरशी दिसायला लागली. "माझं घर मी घेऊन चालले," ती म्हणाली. "एकदा दुसऱ्याच्या हातानं गेलं. आता माझ्या हातानं जाऊ दे." ती गेली. तिच्या मागोमाग आणखी तिघी गेल्या.

सावी तेवढी जागची हलली नाही. "उद्या त्या साहेबापुढे सांगशील?"

"सांगेन."

"चाचरू नकोस मग. आम्ही पुढच्याच रांगेत बसतो."

रविवारी मांडव घातला होता. बुपातींनी फीत कापली, पाक हेर्वान पुष्कळ बोलला, आणि मग नियारला बोलावलं. तिनं कागद नेला नव्हता. तिनं फलकावरची नावं एकेक करून वाचली, त्रेचाळीसही. आईचंही नाव वाचलं. मग म्हणाली, "या बायकांनी जमीन दिली नाही. यांना कुणी विचारलंच नाही. हे अंगठे माझे आहेत."

बुपातींनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग सगळा मांडव वाजवायला लागला. पाक हेर्वाननं डोळे पुसत माईक घेतला. "बघा! याला म्हणतात आपलेपणा! आपल्या आयांचा त्याग लेक स्वतःच्या अंगावर घेते! हे अंगठे माझे आहेत! वा, इबू डॉक्टर, वा!"

"नाही," नियार म्हणाली. "मी खरंच म्हणतेय. मी नऊ वर्षांची होते, मला कचेरीत..." पण माईक त्याच्या हातात होता. ती बोलत राहिली आणि तिचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. सावी उठून उभी राहिली. "टाळ्या कशाला वाजवता रे मेल्यांनो? ती खरं सांगतेय!" तेवढ्यात कुणीतरी खूण केली आणि शाळेतल्या मुलांनी तालेम्पोंगची पितळी भांडी काठ्यांनी वाजवायला सुरुवात केली. चार महिने शिकली होती ती. इतकं सुंदर वाजवत होती की त्यापुढे ओरडणंही बरं दिसेना. सावी उभीच राहिली, तोंड हलत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला. 'हे अंगठे माझेच': संशोधिकेच्या भावपूर्ण उद्गारांनी उपस्थित हेलावले. विद्यार्थ्यांचे निरोप आले, इबू, अंगावर काटा आला. नियारनं पेपरला पत्र लिहिलं. ते छापलं नाही. तिनं विद्यापीठाला लिहिलं, तर विभागप्रमुखांचा फोन आला. "फार सुंदर झालंय सगळं. आता उगीच ताणून बिघडवू नका. कापड राजधानीत न्यायचं ठरतंय." कापडाला भोक पडलंय, ती म्हणाली. "असू द्या की. उलट त्याचा परिणाम अधिक होईल."

ती रजा टाकून वरच राहिली. एवढी वर्षं माणसांना बोलतं करत आली होती. आता ती बोलत होती तर तिचं प्रत्येक वाक्य लोक फुलासारखं हुंगत होते आणि बाजूला ठेवत होते. मामा विचारायचे, "सांगितलंस का?" ती म्हणायची, "सांगितलं." मामा म्हणायचे, "मग कुणी आलं कसं नाही?"

पुढच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी बायका आल्या. सातजणी, पुढे सावी, आणि सगळ्यांच्या मागे जास्मी. चटईवर बसल्या. नियारनं चहा केला, बांबूत शिजवलेला काळ्या भाताचा लामांग कापून ठेवला. कुणी हात लावला नाही. आमच्यात आलेल्या माणसानं पाण्यालाही शिवू नये, याचा अर्थ लहान मुलालासुद्धा कळतो. मामांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दातुक," सावी म्हणाली, "तुमची भाची मांडवात बोलली, त्याचं गाणं झालं. आता तुम्ही सांगा. मी लिहून घेते."

"काय सांगू? लाज गेली माझी."

"लाज गेली तर बरं झालं. आता सांगायला काय अडचण?"

मामांनी सांगितलं. जोडे, डोक्याचं बांधणं, उघडं दार, जीप. सावी वहीत उजवीकडून डावीकडे लिहीत होती, सावकाश, मध्येच 'थांबा' म्हणत. कारकुनाचं नाव काय, खोली कितव्या मजल्यावर, वार कुठला. हात कुणी धरला होता इथपर्यंत मामा आले तेव्हा त्यांनी नियारकडे पाहिलं.

"सांगा," नियार म्हणाली.

"शेवटचे तीस मी धरले," मामा म्हणाले.

सावीनं तेही लिहिलं. मग सगळं पुन्हा वाचून दाखवलं. मामांनी सही केली, बायकांनी आपापली नावं लिहिली. जिला येत नव्हतं तिला सावीनं हात धरून शिकवलं. त्यात दुपार झाली. जास्मीनं शेवटी वही नियारपुढे सरकवली. "घे. तुझीही कर. आणि मोठ्ठी कर, छत्तीस वर्षांची बाकी आहे."

चहा गार झाला होता. कुणी प्यायलं नाही. जाताना सावी फक्त एवढं म्हणाली, "दातुकला जेवायला घाल. बसून घाल, समोर."

त्या जबानीचा अर्ज कचेरीत गेला. अरबी अक्षर चालत नाही म्हणून परत आला. नियारनं तो सरकारी लिपीत उतरवून पुन्हा दिला. फाईलला नंबर पडला. आठ महिन्यांत एवढंच झालं. कापड राजधानीत गेलं, परत आलं नाही. मामा पावसाळ्यात गेले. सातातल्या दोघी मयताला आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. आणि दुसऱ्या टप्प्याच्या लाल खुंट्या नदीच्या वरच्या अंगाच्या त्या गावांत ठोकायला सुरुवात झाली.

त्या गावांत जायचं सावीनंच काढलं. नियार आणि ती, दोघी वही घेऊन मोटारसायकलवरून गेल्या. सुराऊच्या ओसरीवर अकरा बायका जमल्या होत्या. नियारनं बोलायला तोंड उघडलं तोच मागून एकीनं विचारलं, "तुम्ही त्या टाळ्यावाल्या बाई ना? प्रदर्शनातल्या? तुम्ही तर म्हणाला होतात, जमीन दिली म्हणून."

"म्हणाले नव्हते," नियार म्हणाली.

"आम्ही ऐकलं ना. तिथंच बसलो होतो."

सावी मध्ये बोलणार होती, पण तिनं तोंड मिटून घेतलं आणि ओसरीच्या कडेला जाऊन बसली. बायका वाट बघत होत्या. नियार उभी होती, आणि कुठून सुरुवात केली म्हणजे या बायका टाळ्या वाजवणार नाहीत, ते तिला सुचत नव्हतं.